निकाल नावडला म्हणजे न्यायालय दबले का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

न्यायालयाच्या बातम्यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत मराठवाड्यातील तालुका वार्ताहरांची पत्रे सर्वाधिक आहेत आणि बहुतेकांना एकच गोष्ट छळते आहे : न्यायालय स्वतंत्रपणे काम करते आहे की नाही हे ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर ते लिहायचे कसे. मी दहा वर्षे एका दैनिकासाठी न्यायालयाच्या बातम्या दिल्या, नंतर सनद घेतली आणि आता औरंगाबाद खंडपीठात वकिली करते. पत्रांतील नावे काढून टाकली आहेत व मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी उदगीर भागात एका दैनिकाचे काम करतो. आमच्याकडच्या एका गाजलेल्या गुन्ह्यातील आरोपीला सत्र न्यायालयाने जामीन दिला. सायंकाळी गावात मोर्चा निघाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात ‘न्यायालय दबावाखाली?’ असा मथळा आला. पुढच्याच महिन्यात त्या न्यायाधीशांची बदली झाली, तेव्हा लोक म्हणाले, ‘बघा, तुमची बातमी खरी ठरली.’ मला मात्र आतून ते पटत नाही. आमचे काही चुकले का?
— एक वार्ताहर, लातूर जिल्हा

उत्तर : चुकले, आणि दोन ठिकाणी चुकले. आधी जामिनाचे पाहू.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे आपण सगळेच जाणतो. पण बातमी लिहिताना ‘आरोपी सुटला’ हे शब्द हातून निघून जातात. खटला संपेपर्यंत त्या माणसाला आत ठेवण्याची गरज आहे का, तो पळून जाईल का, साक्षीदारांवर दडपण आणील का, पुराव्यात ढवळाढवळ करील का, गुन्हा किती गंभीर आहे, एवढ्याच गोष्टी न्यायाधीश त्या टप्प्यावर पाहतात. शिवाय जामिनाचा एक प्रकार असा आहे की, त्यात न्यायाधीशांना फारसा पर्यायच उरत नाही. गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क ठरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये तो दिलेला आहे. तुमच्या प्रकरणात तसे झाले असेल, तर खरी बातमी तपासी अंमलदाराकडे होती आणि तुम्ही ती न्यायाधीशांच्या दारात शोधत होतात.

म्हणून पहिले काम आदेश मिळवून वाचण्याचे. त्यात सरकार पक्षाचे म्हणणे काय नोंदवले आहे, सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध केला की ‘योग्य तो आदेश व्हावा’ एवढेच लिहून दिले, अटी कोणत्या घातल्या, कारणे किती परिच्छेदांत दिली, हे सारे त्या तीन-चार पानांत असते. मोर्चातल्या लोकांना ही पाने वाचायला मिळालेली नसतात. ती वाचून त्यांच्यापर्यंत पोहोचवायची, यासाठीच वार्ताहर असतो. आदेशात कारणेच नसतील, किंवा सारख्याच परिस्थितीतल्या दोन आरोपींना वेगळा न्याय लावून त्याचा खुलासा केलेला नसेल, तर ते जरूर लिहा. ती टीका आदेशावरची आहे आणि ती करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ‘दबावाखाली’ हा मात्र आरोप आहे, आणि मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह लावल्याने तो सौम्य होत नाही. कोणाचा दबाव, तो कसा आला, कोणी पाहिला, यांपैकी एकाचेही उत्तर तुमच्या वहीत नसेल, तर तो शब्द छापण्याजोगा नाही.

आता बदली. जिल्हा व तालुका न्यायालयांतील न्यायाधीशांच्या बदल्या मंत्रालयातून होत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवले आहे. बदली, बढती, रजा आणि शिस्तीची चौकशी हे सारे त्यात येते. सर्वसाधारण वार्षिक बदल्यांची यादी उन्हाळ्यात निघते आणि सुट्टी संपल्यावर न्यायाधीश नव्या जागी रुजू होतात.

वार्ताहरकीच्या तिसऱ्या वर्षी हीच चूक माझ्याही हातून झाली होती. एका जिल्हा न्यायाधीशांपुढे सहकारी संस्थेतील अपहाराचा खटला चालू होता. त्यांच्या बदलीची कुणकुण लागताच मी ‘तडकाफडकी बदली’ अशी बातमी दिली आणि ती पहिल्या पानावर लागली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या कचेरीतील शिरस्तेदारांनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून फितीने बांधलेली फाइल काढली, बदल्यांची यादी माझ्यापुढे ठेवली आणि अंगठा ओला करून एकेक पान उलटत गेले. तिसऱ्या पानावर त्या न्यायाधीशांच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ होती. वर आणि खाली त्याच दिवशी, त्याच आदेशाने बदललेल्या कितीतरी न्यायाधीशांची नावे होती. शेवटच्या रकान्यात त्यांच्या रुजू होण्याची तारीख होती, आणि तिला तीन वर्षे उलटून गेली होती. आमच्या दैनिकाने आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. न्यायाधीश नव्या जिल्ह्यात रुजू झाले तेव्हा तिथल्या बार रूममध्ये पहिल्या पानाचे कात्रण आधीच पोहोचलेले होते. खुलाशाचे कात्रण कोणी नेले नव्हते. त्या न्यायाधीशांना काही बोलता येत नव्हते. त्यांनी बोलावे अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण न्यायाधीशाने जे सांगायचे ते निकालपत्रातूनच सांगावे आणि वृत्तपत्रांना मुलाखती देऊ नयेत, अशी आचारमूल्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शब्दबद्ध केली आहेत. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाविषयी लिहिताना आपली जबाबदारी दुप्पट होते, हे मी त्या दिवशी शिकले.

याचा अर्थ बदलीकडे संशयाने पाहूच नये, असा मुळीच नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, उच्च न्यायालयांच्या १६ न्यायमूर्तींच्या त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्यांत बदल्या झाल्या होत्या, आणि त्यांपैकी गुजरातच्या न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी स्वतःच्या बदलीला न्यायालयात आव्हान दिले होते. बदलीचे हत्यार होऊ शकते, हे या देशाने पाहिले आहे. म्हणूनच ते ओळखण्याचे प्रश्न अचूक हवेत. बदली वार्षिक यादीत आहे की मध्येच स्वतंत्र आदेशाने झाली? कार्यकाळ पूर्ण झाला होता का? खटला अर्धवट ऐकलेला होता का, आणि तो पुढे कोणाकडे गेला? बदलीच्या आदल्या आठवड्यांत त्या न्यायाधीशांनी असा काही आदेश दिला होता का, ज्याने कोणी बलवान दुखावला गेला? या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, तर ती मोठी बातमी आहे आणि ती तुम्ही निर्भयपणे दिली पाहिजे.

एक गोष्ट आणखी सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. न्यायाधीशावर दबाव फक्त वरून येतो असे नाही. तालुक्याच्या न्यायाधीशाला त्याच गावात राहायचे असते; त्याची मुले तिथल्याच शाळेत जातात, आणि सरकारी निवासस्थानाची भिंत ती केवढी असते! दारावरून जाणारा मोर्चा हाही दबाव आहे. तुमचा मथळाही दबाव आहे. जामीन नाकारला असता तर तुमच्या दैनिकाने ‘न्यायालय स्वतंत्र’ असा मथळा दिला असता का, हे स्वतःला विचारून पाहा. आवडत्या निकालाला स्वातंत्र्य आणि नावडत्याला दडपण म्हणायचे, ही सवय लागली की खरे दडपण येईल त्या दिवशी आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : आमच्या शेताच्या वाटेचा वाद तहसीलदार साहेबांपुढे होता. निकाल आमच्या विरुद्ध गेला. वर्तमानपत्रात ‘न्यायालयाचा शेतकऱ्याला दणका’ असे आले. तहसीलदार म्हणजे न्यायालय का? आणि असेल तर मग आमदारांचा फोन न्यायालयाला कसा चालतो?
— एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न या संपूर्ण विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून तो मी पत्रकारांसाठीही सविस्तर घेते.

शेतरस्त्याच्या अडवणुकीचे वाद तहसीलदार ‘मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६’ च्या कलम ५ खाली ऐकतात. त्या कायद्यापुरते त्यांना न्यायालय म्हटले आहे, त्यामुळे बातमीतला शब्द सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. पण वाचकाची त्याने दिशाभूल झाली हे खरे. तहसीलदार हे महसूल खात्याचे अधिकारी आहेत. त्यांची नेमणूक, बदली व बढती सरकारच्या हाती असते. सकाळी ते पंचनाम्याला जातात, दुपारी मंत्र्यांच्या दौऱ्याची व्यवस्था पाहतात आणि त्याच खुर्चीत बसून तुमच्या वाटेचा निकाल देतात. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाची गोष्ट वेगळी आहे : तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो आणि नेमणुकीनंतर उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतो. बातमीत ‘तहसीलदारांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दिलेला निर्णय’ असे चार शब्द जास्त लिहिले, तर हा फरक वाचकाला कळतो. तीच गोष्ट जमिनीच्या प्रकरणांत मंत्रालयात मंत्र्यांपुढे होणाऱ्या सुनावण्यांची. महसूल संहितेच्या कलम २५७ खाली राज्य सरकारला फेरतपासणीचा अधिकार आहे, पण मंत्र्यांचा निर्णय हा न्यायालयाचा निकाल नव्हे. त्याला अर्धन्यायिक निर्णय म्हणतात, आणि तसेच लिहावे.

फोनविषयी : मामलेदार न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणात कोणाचाही फोन चालत नाही. तो आल्याचा पुरावा असेल तर तो गंभीर मुद्दा आहे. नुसता अंदाज असेल तर तो अंदाजच राहू द्या. तुमच्यापुढचा मार्ग असा की, या निर्णयावर अपील नसले तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते आणि हक्काच्या मूळ प्रश्नासाठी दिवाणी न्यायालयाचे दार उघडे आहे. निर्णयाची नक्कल आजच मागा.

इथे मराठवाड्याच्या वाचकांना एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. न्याय आणि महसूल एका हातात नसावेत, हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आला असे मानले जाते. आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो तिथे ही दोन खाती १९२१ च्या सुमारासच वेगळी करण्यात आली होती. शेजारच्या मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला, आणि सबंध देशात ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पुरी झाली. राजेशाहीतल्या न्यायखात्याला आजच्या अर्थाने स्वतंत्र म्हणता येणार नाही, कारण शेवटचा शब्द निजामाचाच होता. तरीही हातात दप्तर घेऊन ‘मुन्सफ (म्हणजे दिवाणी न्यायाधीशाच्या) कोर्टात पेशी आहे’ म्हणणारी आपली जुनी माणसे तहसील आणि कोर्ट यांत गल्लत करीत नसत. गल्लत आता आपल्या बातम्यांत होते.

प्रश्न : आम्ही नांदेडमध्ये एक बातमी पोर्टल चालवतो. न्यायालयाविषयी काही लिहायचे म्हटले की, संपादक ‘अवमान होईल’ म्हणून बातमी अडवतात. खंडपीठात न्यायमूर्ती तोंडी काही बोलले तर ते छापता येते का? नेमकी रेघ कुठे आहे?
— एक उपसंपादक

उत्तर : रेघ तुमच्या संपादकांना वाटते तेवढी जवळ नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ हा छोटा कायदा आहे, एकदा बसून तो सगळा वाचा. कलम ४ म्हणते की, न्यायालयीन कामकाजाचा यथातथ्य व अचूक वृत्तान्त हा अवमान नव्हे. कलम ५ म्हणते की, अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नव्हे. २००६ च्या दुरुस्तीने कलम १३ मध्ये भर पडली आणि मजकूर सत्य असून तो जनहितासाठी, प्रामाणिक हेतूने छापला असेल, तर सत्य हा बचाव म्हणून मांडण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकाल चुकला, त्यातील तर्क लंगडा आहे, अमुक पुरावा विचारात घेतला गेला नाही, असे तुम्ही बेलाशक लिहू शकता. न्यायाधीशाने पैसे खाल्ले, असे पुराव्यावाचून लिहू शकत नाही. या दोहोंमधले अंतर चांगले ऐसपैस आहे आणि आपल्याकडचे संपादक त्यातल्या बहुतेक जागेत पाऊलच टाकत नाहीत.

तोंडी शेऱ्यांचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ रोजी दिले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाविषयी सुनावणीत अतिशय कडक शब्द वापरले. ते शब्द देशभर छापून आले आणि असे शेरे छापण्यास माध्यमांना मनाई करावी म्हणून आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मनाईला स्पष्ट नकार दिला : खुल्या न्यायालयात जे घडते त्याचा वृत्तान्त देण्याचा माध्यमांना हक्क आहे. त्याच निकालात असेही सांगितले की, तोंडी शेरा हा निकालाचा भाग नसतो आणि न्यायाधीशांनीही शब्द जपून वापरावेत. दोन्ही अर्धी वाक्ये सारखीच महत्त्वाची आहेत. न्यायमूर्ती सुनावणीत वकिलाला कोपऱ्यात गाठण्यासाठी प्रश्न विचारतात, कधी स्वतःच्याच शंकेची बाजू लावून पाहतात. सकाळी सरकारी वकिलांना धारेवर धरणारे पीठ दुपारी सरकारच्या बाजूने आदेश देते, हे मी कितीदा पाहिले आहे, आणि त्यात काही काळेबेरे नसते. ‘खंडपीठाने सरकारला झापले’ ही बातमी तुम्ही अकरा वाजता पोर्टलवर टाकली आणि पाच वाजता याचिका फेटाळली गेली, तर वाचकाला वाटते की मधल्या सहा तासांत कोणी तरी काही तरी केले. तो संशय तुम्ही पेरलेला असतो. शेरा छापा, पण तो सुनावणीतील तोंडी शेरा आहे, आदेश अजून व्हायचा आहे, हे त्याच वाक्यात लिहा, आणि आदेश झाल्यावर त्याला तितकीच ठळक जागा द्या.

खरी धोक्याची रेघ दुसरीकडे आहे आणि तिथे मात्र आपण बेफिकीर असतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अशा खटल्यांचे बंद दालनातील कामकाज परवानगीशिवाय छापणे हा कलम ७३ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदा व बाल न्याय कायदा आणखी कडक आहेत. नाव न छापता गाव, शाळा, वडिलांचा धंदा आणि आडनावाचे पहिले अक्षर छापले, तर आपल्याकडच्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात सगळे छापल्यासारखेच होते.

प्रश्न : न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात हे लोकशाहीला धरून आहे का? वर्गात मुलांनी विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षक, परभणी

उत्तर : सर, मुलांना आधी ही पद्धत का आली ते सांगा, मग ती कशी आहे ते सांगा. संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, असे सांगणाऱ्या केशवानंद भारती निकालानंतर लगोलग, एप्रिल १९७३ मध्ये, न्यायमूर्ती शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून न्यायमूर्ती अजित नाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले, आणि तिघांनीही राजीनामे दिले. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी म्हटले तेव्हा एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि तेही पायउतार झाले. त्या आठवणींच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नेमणुकांतील निर्णायक शब्द सरकारकडून स्वतःकडे घेतला आणि १९९८ मध्ये त्याची चौकट पक्की केली. सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश व चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती, उच्च न्यायालयांसाठी सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती शिफारस करतात. यालाच न्यायवृंद म्हणतात. संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द झाला.

माझे मत विचाराल तर सरकारला शेवटचा शब्द देण्याचे परिणाम आपण भोगलेले आहेत, म्हणून जुन्या वाटेने जाऊ नये; पण बंद दाराआडची निवड मला मान्य नाही. २०१७ च्या ऑक्टोबरपासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले, तरी अमुक नाव का घेतले आणि अमुक का गाळले हे त्यांतून पुरेसे कळत नाही. दुसरीकडे सरकार शिफारशीवर निर्णयच न घेता बसून राहू शकते, यादीतली काही नावे उचलून बाकीची ठेवू शकते. पत्रकारांनी नेमणुकीची बातमी ज्या दिवशी होते त्याच दिवशी देऊन थांबू नये. शिफारस कोणत्या तारखेची, नेमणूक कोणत्या तारखेची, मधले महिने कोणाच्या टेबलावर गेले, हे मांडावे. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदे ९४ आहेत. त्यांपैकी आज भरलेली किती आणि औरंगाबादला बसणारी किती, एवढे दोन आकडे दर तीन महिन्यांनी छापले तरी वाचकाला पुष्कळ समजेल.

प्रश्न : न्यायालयाच्या इमारतीसाठी पैसे सरकारच देते, मग स्वातंत्र्य कसले?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन राज्याच्या संचित निधीवर भारित असते, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही, आणि नेमणुकीनंतर ते त्यांच्या तोट्याचे होईल असे बदलता येत नाही. इमारती, कर्मचारी आणि नव्या पदांसाठी मात्र न्यायालयांना सरकारकडेच मागावे लागते, आणि तुमची शंका तिथे योग्य आहे. आपल्या खंडपीठाचाच इतिहास पाहा. औरंगाबादला २७ ऑगस्ट १९८१ रोजी न्यायमूर्ती बसू लागले ते मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने आणि राज्यपालांच्या मान्यतेने. तो आदेश खुद्द मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि न्यायालय कुठे बसवायचे हा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार असल्याचे मान्य केले. खंडपीठ कायम झाले ते १९८४ मध्ये. १९८१ च्या आधी नांदेडच्या पक्षकाराला रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. कोर्टात जाऊन बसायचे आहे, पण हाकलून देतील अशी भीती वाटते. ओळख लागते का? सुरुवात कशी करू?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ओळख लागत नाही. फौजदारी न्यायालय खुले असते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्येच लिहिलेले आहे. बंद दालनात चालणारी प्रकरणे आली की तेवढ्यापुरते तुला बाहेर जावे लागेल. सुरुवात जिल्हा न्यायालयापासून कर, खंडपीठापासून नको. साडेदहाच्या आधी पोहोच, दाराबाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पूर्ण वाच, मोबाइल बंद कर, मागच्या बाकावर बस आणि न्यायाधीश आत येताना उभी राहा. पहिले चार दिवस काही समजणार नाही : पुकारा होतो, कोणी तरी पुरसिस (छोटे लेखी निवेदन) देते, वकील तारीख मागतात, पुढचा पुकारा होतो. पाचव्या दिवशी एकच खटला निवड आणि तो सोडू नकोस. त्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, घेतलास, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक तारखेला काय झाले ते दिसेल. साक्ष झाली की तारीख पडली, तारीख कोणी मागितली, न्यायाधीश रजेवर होते की साक्षीदार आला नव्हता. रोजनामा, म्हणजे तारखेतारखेच्या कामकाजाची नोंद, वाचायला शिक. खटला का रेंगाळतो, याचे उत्तर वकिलांच्या गप्पांपेक्षा रोजनाम्यात अधिक खरे मिळते.

न्यायाधीशांना दालनात जाऊन भेटण्याचा प्रयत्न करू नकोस. शंका असेल तर बेंच क्लार्कला मधल्या सुट्टीत विचार. काम चालू असताना नाही. जिल्हा व तालुक्याच्या पीठासीन अधिकाऱ्यांना न्यायाधीश म्हणायचे, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. ही चूक मोठमोठी दैनिके करतात, तू करू नकोस. आणि वहीच्या पानावर सगळ्यांत वर खटल्याचा क्रमांक, न्यायाधीशांचे पदनाम आणि तारीख लिहून मगच पुढचे लिही.